नवस आईचा, पाय प्रभूचे

प्रभू शिरड शहापूरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. हिंगोलीच्या कॉलेजात आम्ही दोघं लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचो. तो सगळ्यांच्या पुढं, मी शेवटून पहिला. जिंकला तरी डबा निवांत खायचा, हरला तरी तसाच. मी चिडलो की म्हणायचा, "अरे, पळणंच हाय. मेंढरं थोडीच हरवली?"

१९९८ साली तो विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. त्याची आई, सिंधूबाई, हिनं देवीला परस्पर बोलून ठेवलं होतं, की पोरगं निवडलं गेलं तर नवरात्रभर अनवाणी राहील. आमच्याकडं नवस बोलतं एक आणि फेडतं दुसरंच. मी म्हटलं, "सरावापुरते तरी बूट घाल. देवी काय पाळत ठेवून राहिली?"

"आईनं शब्द दिला ना," तो म्हणाला.

सहाव्या माळेला पळताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. सिंधूबाईनं रिवाजाप्रमाणं बिब्बा तापवून चटका दिला. एरवी तेवढ्यानं भागतं. पण शर्यत तोंडावर आलेली, हा दुसऱ्या दिवशी त्याच टाचेवर पुन्हा पळाला. टाच पिकली, पू हाडापर्यंत गेला. नांदेडला ऑपरेशन झालं. पाय वाचला, पळणं गेलं.

दवाखान्यात सिंधूबाई स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. प्रभूनं तिचे हात धरले. "आई, सुटलो बघ. लई तकलीफ व्हती पळायची."

मग तेच धोरण. बूट मला देऊन टाकले. लंगडत मेंढरं राखली, लग्न केलं. कुणी विषय काढला की "कॉलेजातलं खूळ व्हतं ते" म्हणायचा, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मला त्याचा फार राग यायचा. माझा जीव तुटायचा आणि ह्याचं आपलं काहीच नाही!

२००७ मध्ये सिंधूबाई गेली. तेराव्याची पंगत उठल्यावर प्रभू माझ्याजवळ येऊन बसला.

"त्या वर्षी पयला कोण आला व्हता रे?"

"आत्ता काहून इचारतो?"

"आता ऐकायला आई न्हाई."

शर्यत बघायला मी गेलो होतो. नाव सांगितलं, वेळ सांगितली. प्रभू ओक्साबोक्शी रडायला लागला. घरातल्यांना वाटलं, आईसाठीच.

"एवढ्या टायमात तर मी सरावात पळायचो रे," तो म्हणाला.