मेजरच्या युद्धात मास्क नव्हते

मेजर कधीच कुठल्या सैन्यात नव्हता. तरुणपणी भरतीला गेला होता, तेव्हा तळपाय सपाट निघाले आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. तो राग त्याने आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला. पेशाने वेल्डर. फाटकं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या. गिऱ्हाइकाने "जरा घाई आहे" म्हटलं की हा हातातलं काम खाली ठेवून त्याच्याकडे असा बघत राहायचा की गिऱ्हाईकच "सावकाश होऊ दे" म्हणून काढता पाय घ्यायचं. मेजर हे नाव त्याला पडलं ते रविवारच्या खेळामुळे.

खेळ असा. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपल्या माणसाने पुढे काय करायचं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. मेजरची गोष्ट पहिल्या महायुद्धातली होती आणि दोन वर्षं झाली तरी संपत नव्हती. एक खंदक, समोर काटेरी तारा, तारांपलीकडे तोफगोळ्याने पडलेला खोल खड्डा आणि खड्ड्याच्या तळाशी साचून राहिलेला विषारी वायू. धुकं उतरलं की त्या खड्ड्यातून हाक यायची. ज्याला ऐकू यायची त्याच्याच माणसाच्या आवाजात. कुणाची आई, कुणाचा मुलगा. जो हाकेला ओ देऊन तारांपलीकडे गेला तो परत आला नाही. आणि जो गेला नाही त्याच्या अंथरुणाशी सकाळी चिखलाचे ओले पाय उमटलेले असायचे, आणि त्याचं धैर्य एका आकड्याने उतरायचं. धैर्य शून्यावर आलं की तो शिपाई वेडा, खेळातून बाद.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दुपारच्या वेळी ही लढाई चालायची. टेबल मेजरनेच जाड पत्र्याचं बनवलेलं. त्यावर फासे पडले की कानठळ्या बसायच्या. मेजरच्या बायकोने, म्हणजे बाकीच्यांच्या वहिनीने, एकदा त्यावर चादर अंथरली. त्याने ती ओढून फेकली. "युद्ध आहे हे, झोपायची खोली नव्हे." त्या दिवशी सगळ्यांना चहा बिनसाखरेचा मिळाला, आणि विचारल्यावर युद्धात साखर मिळत नाही असं वहिनीने सांगितलं.

वहिनीचा शिपाई पलटणीचा आचारी होता. काहीही झालं तरी तो चुलीपासून हलायचा नाही, त्यामुळे धडधाकट होता. दुसरे मास्तर, शाळेत इतिहास शिकवणारे. मास्तर स्वभावाने भित्रे, म्हणून त्यांचे शिपाई मरायला उतावीळ. हाक आली की निघाले. त्यांचा आता चौथा शिपाई चालू होता. एकदा त्यांनी भीत भीत सुचवून पाहिलं, "मेजर, वायू वापरायला लागल्यावर सैनिकांना मास्क दिले होते हो."

"या खंदकात दिले नाहीत."

"पण इतिहासात—"

"मास्तर, हा शिपाई जगवायचाय ना?"

मास्तरांनी इतिहास गिळून टाकला.

तिसरा थंड्या. कागदाच्या गिरणीतला इलेक्ट्रिशियन. आवाज चढवलेला कधी कुणी ऐकला नाही म्हणून थंड्या. त्याचा सार्जंट हाकेला कधीच गेला नाही. एकदाही नाही. दर वेळी थंड्या अंगठा चोळत म्हणायचा, "मी बसतो इथंच." मेजर म्हणायचा, "पाय उमटले." थंड्या आपला एक आकडा खोडायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचा.

त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दातांचे व्रण होते. दात मेजरचे.

मेजरही आधी त्याच गिरणीत होता, आणि त्याचा धाकटा भाऊही. लगद्याची एक टाकी बरेच दिवस बंद होती. पंप अडकला म्हणून धाकट्याला खाली उतरवलं. बंद टाकीच्या तळाशी वायू साचतो हे त्या गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं, उतरवणाऱ्यालासुद्धा. शिडीवरून पाय खाली टेकतो न टेकतो तोच धाकटा गुडघ्यांवर बसला. "दादा" म्हणून एक हाक आली. मेजर टाकीच्या तोंडाकडे धावला, आणि थंड्याने त्याला मागून कमरेला मिठी मारून खाली पाडलं. छातीवर बसला. "जायचं नाही," एवढंच म्हणत राहिला. मेजरने त्याचा अंगठा हाडापर्यंत चावला तरी तो उठला नाही. दुसरी हाक आली नाही. मास्क होते. स्टोअरच्या कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्लीवाला जेवायला गेला होता.

चौकशी झाली. कामगाराने पुरेशी खबरदारी घेतली नाही, असं ठरलं. मेलेल्या माणसाने. मॅनेजर घरी येऊन गेले, जेमतेम टेकले आणि तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहिलं. मेजरने नोकरी सोडली आणि दुकान टाकलं. राग कुठे टाकायचा ते मात्र कळेना. गिरणीला भिंती होत्या, फाटक होतं, वकील होते. थंड्याला नुसती एक मान होती, आणि ती घेऊन तो दर रविवारी आपण होऊन दुकानात यायचा.

वहिनीला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. सार्जंटचं धैर्य एका आकड्यावर आलं त्या आठवड्यात तिने विषय काढला. "त्याला खेळायला बोलावता की मारायला?"

"खेळ आहे गं तो."

"मला शिकवू नका."

मेजर हातातली पक्कड उघडत मिटत होता. मग म्हणाला, "एकदा उतरू दे त्याला खाली. निदान खोटं खोटं तरी."

"आणि तो उठून गेला कायमचा? मग तुमचं म्हणून उरलं कोण? भावाचं नाव तुमच्यासमोर काढायची हिंमत तरी दुसऱ्या कुणात आहे का?"

मेजरने लोखंड कापायचा ग्राइंडर सुरू केला.

त्या रविवारी त्याने धुकं लवकर उतरवलं. तोफा गप्प, तारांवर दव, सगळं नेहमीसारखं रंगवून सांगितलं. मग आवाज खाली आणून तो थंड्याकडे वळला. "सार्जंट, खड्ड्यातून हाक येतेय. दादा म्हणून. तुझा धाकटा भाऊ आहे."

थंड्याला धाकटा भाऊ नव्हता. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते माहीत होतं. वहिनीने कप खाली ठेवला. मास्तर आपल्या चपलांकडे बघायला लागले.

थंड्याने अंगठा चोळला. "जातो," तो म्हणाला.

दोन वर्षं याच शब्दाची वाट पाहिली होती. तो ऐकला की छातीवरचा दगड उतरेल असं मेजरला वाटत होतं. उतरला नाही. "तारा ओलांडतोस?"

"ओलांडतो. मास्क दे."

"मास्क नाहीत."

"खाली वायू आहे आणि मास्क नाहीत? असं कसं?"

"कपाटात आहेत." मेजरला हे म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. "कपाटाला कुलूप आहे."

"किल्ली कुणाकडे आहे?"

मेजरने टेबलावरचे फासे मुठीत घेतले.

"किल्ली कुणाकडे आहे, मेजर?"

आणि थंड्याने टेबलावर हात आपटला. पत्रा असा वाजला की रस्त्यावरच्या माणसाने शटरखालून वाकून आत पाहिलं. "मग मला कशाला उतरवतोस? दोन वर्षं येऊन गप बसतोय इथे. म्हटलं, काढू दे राग. माझ्यावर तर माझ्यावर. पण खड्डा मी नाही खणला. कुलूप मी नाही लावलं. तुला धरलं ते बरोबर धरलं. आजही धरीन. पुन्हा चाव."

थंड्याचा श्वास जागेवर येईना. आवाज चढवायची सवय नसलेल्या माणसाला तो उतरवताही येत नाही.

"आणि ऐकायचंच असेल तर ऐक," तो म्हणाला. "ते कपाट अजून तिथंच आहे. कुलूपही तेच. परवा एकाला टाकीत उतरवलं. मी किल्लीवाल्याकडे जाऊन किल्ली मागितली. बघतो म्हणाला. माणूस काम करून वर आला, किल्ली नाही आली. नशीब म्हणून वर आला. मला घरी झोप लागत नाही, आणि इथं तू माझ्या अंथरुणाशी चिखलाचे पाय काढतोस."

मेजरचे कान लाल झाले होते. दोन वर्षं त्याने एक अख्खं युद्ध उभं केलं, तोफा आणल्या, भुतं आणली, आणि ज्याने कुलूप लावलं त्याला त्यात साधी पहाऱ्याचीसुद्धा जागा दिली नाही. आपल्या मित्राला मात्र रविवारी रविवारी सोलून काढलं. त्याला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त चीड त्या कपाटाची आली. तो उठला. भिंतीवरचा ग्राइंडर काढला.

"उद्या पाळी कितीची तुझी?"

"सकाळची."

"पातं नवं घाला," वहिनी म्हणाली. "जुन्याने निम्म्यातच अडकून बसाल."

हातात ग्राइंडर आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं असलेल्या माणसाला गिरणीच्या फाटकात कुणी अडवत नाही. काहीतरी मोडलं असणार असं सगळे धरून चालतात. स्टोअरमध्ये थंड्याने वायर जोडून दिली. ठिणग्या उडाल्या तसा किल्लीवाला धावत आला. "अहो, थांबा, किल्ली आहे ना माझ्याकडे."

"असू दे. जप तिला," मेजर म्हणाला.

त्याने कुलपाला हातच लावला नाही. बिजागऱ्या कापल्या, म्हणजे ते दार पुन्हा कुणाला लावता येऊ नये. दार कुलपासकट जमिनीवर आदळलं. पाळीवरची माणसं दारात जमली. आत मास्क होते, ओळीने, पिशव्यांमध्ये. मेजरने एक बाहेर काढला आणि पट्टा ताणला. रबराचा हातात भुगा झाला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याची काच आपोआप निखळून पडली. आतापर्यंत त्याने मनात हजार वेळा ती किल्ली वेळेवर आणली होती, कपाट उघडलं होतं, मास्क चढवून खाली उतरला होता आणि धाकट्याला खांद्यावर घेऊन वर आला होता.

थंड्या म्हणाला, "किल्ली मिळाली असती तर हे घालून तूही गेला असतास."

मेजरने दार खांद्यावर घेतलं. थंड्याने मास्क गोळा केले. दोघं थेट मॅनेजरच्या खोलीत गेले, आणि मागून पाळीवरची माणसं. मेजरने दार भिंतीला टेकवलं. थंड्याने मास्क टेबलावर ओतले. काळा भुगा कागदांवर पसरला. मॅनेजर खुर्चीतून उठले, तेच, दोनदा घड्याळ पाहणारे. "हे कुणी केलं?"

"मी," थंड्या म्हणाला. "इथला कामगार मी आहे. याला मी आणलं."

मेजर टेबलाच्या बाजूने एक पाऊल पुढे झाला. "खोटं सांगतोय तो. दार मी कापलंय. आणि साहेब, यानं मला धरून ठेवलंय म्हणून नुसतं दारच कापलंय."

थंड्याची बोटं खरोखरच मागून त्याच्या कमरेच्या पट्ट्यात घट्ट अडकलेली होती. मेजरने ती सोडवायचा प्रयत्न केला नाही.