माइकवर नाव नको

मालवणात क्रिकेटची स्पर्धा असली आणि माइकवर पेद्रू नसला, तर लोक म्हणत, "मरे, ही कसली मॅच? मयताक बसल्यासारख्या वाटता!" पोटासाठी रिक्षा आणि हौसेसाठी जीभ, असा त्याचा संसार. ज्याची फिरकी घेई तोच संध्याकाळी त्याला चहा पाजी. मालवणी माणसाला चिडवलं नाही तर तो आजारी पडेल, असं पेद्रूचं ठाम मत.

म्हणून शाळेच्या खेळांच्या दिवशी मोठ्या बाईंनी माइक हातात दिला, तेव्हा त्याला काही वेगळं वाटलं नाही. सातवीच्या मुलींची शर्यत लागली होती. सगळ्या पोचल्या, मागून एकटी गौरजा येत होती. अंगानं जाडजूड, तोंड लालबुंद, पण थांबत नव्हती पोर. पेद्रूला राहवलं नाही.

"सगळ्यो गाड्यो गेल्यो, आता इली गौरजा पॅसेंजर! कुडाळाक क्रॉसिंगाक थांबली, गणपतीक पोचतली!"

मैदान खो खो हसलं. पेद्रू खूश होऊन घरी गेला. मूर्ख!

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. वर्गाच्या ग्रुपवर पडलं, त्याला गाडीची शिट्टी जोडली गेली, गौरजाच्या तोंडाचे स्टिकर निघाले. ती जिन्यावर दिसली की पोरं शिट्ट्या मारत. शेवटी तिनं शाळेत जाणंच सोडलं.

पेद्रूला हे कळलं त्याच्याच रिक्षात. मागे दोन पोरी खिदळत होत्या आणि मोबाइलमधून त्याचाच आवाज येत होता.

"काय गो ता?"

"तुमचोच व्हिडिओ, काका! ती आता शाळेत येणाच नाय."

घरी बायकोपाशी, अँजेलापाशी, तो पोरांना शिव्या घालू लागला. ती वाढता वाढता म्हणाली, "पोरांका कित्याक बोल लावतंस? शब्द कोणाचे ते?"

शाळेनं मोबाइलवरच्या छळाबद्दल मुलांसाठी कार्यक्रम ठेवला होता. पेद्रूला वाटलं, देवानंच वाट दाखवली. सगळ्यांसमोर कान धरायचे, माफी मागायची आणि सुटायचं. आधी गौरजाला सांगावं म्हणून तो तिच्या घरी गेला. तिच्या आईनं, शर्मिष्ठानं, पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

"बाय, चुकलंय गो मी. आता माइकवर सगळ्यांसमोर तुझी माफी मागतंय."

"नको!" गौरजानं पहिल्यांदा मान वर केली. "परत माइकवर माझा नाव घेव नकात, काका. ता पण कोणतरी शूट करतलो."

पेद्रूला स्वतःची लाज वाटली. माफीसुद्धा त्यानं आपल्याच सोयीची शोधली होती.

"मगे काय करू, तूच सांग."

"तुमचा सगळे ऐकतत ना? मग तो व्हिडिओ बंद करा."

कार्यक्रमात तो तिचं नाव न घेता बोलला. कुणाला हसवलं नाही. मग शाळेच्या फाटकापाशी, रिक्षा स्टँडवर, दारोदार जाऊन पोरांच्या हातापाया पडला, "पुसून टाका रे." पोरांनी त्याच्यासमोर पुसलं. म्हणून सोमवारी त्यानं स्वतः गौरजाला रिक्षातून शाळेत आणलं.

ती फाटकाशी उतरली आणि आतून शिट्टी वाजली. पाठोपाठ मोबाइल: "आता इली गौरजा पॅसेंजर!"

गौरजानं कोण वाजवतंय ते पाहिलंच नाही. तिनं वळून पेद्रूकडे पाहिलं, दप्तर सावरलं आणि आत गेली. आतून पेद्रूचा आवाज येतच राहिला.