मार दिसला पायजे

प्रवेश सुरू होण्याआधी देवाजीभाऊ माझ्या पाया पडायचा. झाडीपट्टीच्या नाटकांत तो खलनायक आणि मी त्याची मार खाणारी बायको. "बाई, आज केसं धरून फरफटवतो. माफ कर," म्हणायचा आणि मग असा तुटून पडायचा की पुढं बसलेल्या बाया त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. खरं तर त्याचा हात माझ्या गालापासून वीतभर लांब थांबे. आवाज तो स्वतःच्या मांडीवर काढी. "मार दिसला पायजे, लागला नाई पायजे," हे त्याचं ब्रीद. मांडी मात्र कायम काळीनिळी.

लहानपणी त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. नागपूरला औषधांबरोबर डोक्यालाही किरणांचा शेक दिला आणि पोर जगलं. कानामागे केस पुन्हा नीट आले नाहीत, त्याचाही त्याला अभिमान. "कॅन्सरले लोळवलं मी. आता माणसाले कायले मारू?"

नागभीडकडच्या एका प्रयोगात ठोसा खरा बसला. माझे पुढचे दात तुटले, तोंड रक्तानं भरलं. मी खरीखुरी किंचाळले, तर मंडपभर शिट्ट्या. पडदा पडल्यावर तोच विचारतो, "लागलं काय, बाई?" त्याला काहीच आठवत नव्हतं. कंपनीचा मालक मात्र खूश. "असाच सीन ठेवा." बाकीचे म्हणाले, मोहाची चढली असेल. भाऊनं जन्मात थेंब घेतला नव्हता.

पुढच्या गावी त्यानं माझा गळा आवळला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आणि खाली वन्समोअरचा गजर. पेटीवाल्यानं धावत येऊन त्याला ओढलं, तर भाऊनं त्याचंच मनगट पिरगळून मोडलं. मग भाऊ ओकला आणि तिथंच कोसळला. त्यालाही टाळ्या पडल्या.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूत गाठ आहे. ज्या शेकानं लहानपणी वाचवलं, त्यातूनच ती इतक्या वर्षांनी उगवली. क्वचित होतं असं, म्हणाले. त्या 'क्वचित'चा मला फार संताप आला.

नागपूरच्या दवाखान्यात त्याचे हात पलंगाला बांधले होते. नर्सबाईंच्या अंगावर जायचा. मी गेले तेव्हा शुद्धीत होता.

"बाई, लोकं म्हणतेत मी तुले मारलं. खरं सांग, लागलं काय?"

मी तुटक्या दातांवर पदर धरला. "मार दिसला, भाऊ. लागला नाई."

"मंग ठीक हाये," म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

त्यानंतर तो थोडेच दिवस जगला. मी रोज जात होते, तोंडावर पदर धरून.