एका अक्षरात पुसलेली गावं

त्या दुष्काळात आम्ही नांदेडात टँकरच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम लिहीत होतो. आम्ही म्हणजे मी आणि उमरीच्या एक ताई. कुठल्या विहिरीला किती पाणी उरलंय हे त्या गावोगाव फोन करून विचारायच्या, मी त्याची यादी बनवायचो. त्यात नवा जिल्हा होणार अशी हवा उठलेली. साहेब सकाळी म्हणायचे, "नवा जिल्हा धरून करून बघा." दुपारी म्हणायचे, "राहू द्या, जुनाच ठेवा." मग मी सकाळपासून नव्या जिल्ह्यात हलवलेली गावं फेकून परत मूळ जागी यायचो. डोकं सणकायचं नुसतं!

प्रोग्रामच्या फायली सांभाळायला आम्ही गिट नावाचं साधन वापरायचो. एकदा नोंदवलेल्या कामाची जुनी प्रत ते जपून ठेवतं. नको असलेलं फेकूनही देतं, पण कधीच न नोंदवलेल्या नव्या फायली पुसायच्या म्हटलं की अडून बसतं. 'जबरदस्तीनं पूस' असं लिहिल्याशिवाय हलत नाही. मला त्याचा लई राग. मालक मी का हे? मी ती अट बंद केली आणि सगळं फेकायची आज्ञा एका अक्षरावर आणून ठेवली. झेड दाबायचा, एंटर मारायचा, मैदान साफ. स्वतःवर खूष होतो मी.

एका शुक्रवारी ताईंचा कॉम्प्युटर बंद पडला. त्या माझ्या कॉम्प्युटरवर बसल्या आणि हिमायतनगर-भोकरकडच्या बावीस गावांचं पाणी फोनवर विचारत, प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये नवी फाईल करून, थेट टाइप करून गेल्या. वहीत कशाला लिहिता, असं मीच त्यांना शिकवलेलं. सोमवारी यादी द्यायची होती. यादीत नाव नाही, तर त्या गावाला आठवडाभर टँकर नाही. मी जेवून आलो, साहेबांचं "जुनाच ठेवा" ऐकलं आणि सवयीनं झेड मारला.

"भाऊ, माझी फाईल कुठं हाय?"

दोन तास शोधलं. गंमत बघा, मी नोंदवून मग फेकलेलं सगळं सापडत होतं. गेल्या आठवड्यातला नवा जिल्हा निघाला, त्याच्या आधीचा निघाला, कुणालाच नको असलेला एक अर्धवट जिल्हाही निघाला. ताईंची फाईल कधी नोंदवलीच नव्हती, म्हणून तेवढीच गेली. हे साधन नेमकं तिथंच का अडून बसायचं, ते तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. ताई स्क्रीनकडं बघून म्हणाल्या, "जिल्हे लई जपून ठेवलेत तुम्ही. माणसं कुठं गेली?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या परत फोनला बसल्या. मी शेजारी बसून आज्ञा बदलत राहिलो. आधी तिला 'टाकू का?' असं विचारायला लावलं. घरी आम्ही तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा विचारल्याशिवाय ओतत नव्हतो, मग इथं का नको? पण चार-पाचदा करून बघितलं, तर तिसऱ्या वेळेपासून मी न वाचताच 'हो' दाबून मोकळा! माझ्यासारख्या उतावळ्याला विचारून काय उपयोग? शेवटी मी पुसणंच काढून टाकलं. झेड दाबला की सगळं एका बाजूच्या फोल्डरमध्ये जायचं आणि आठ दिवस तिथंच पडून राहायचं. बोटाला काम तेवढंच. इतकं सोपं होतं, तर आधी का सुचलं नाही?

शनिवारी संध्याकाळपर्यंत एकवीस गावं झाली. बाविसाव्याचा फोन लागेना. "आठवतंय ते टाकून द्या की," मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "न्हाई. पाणी आठवणीवर लिहायचं नसतं."

रविवारी सकाळी मी मोटारसायकल काढली आणि ते बाविसावं गाव गाठलं. लाईट नसल्यानं ज्यांचा फोन बंद पडला होता, त्या मावशी विहिरीवरच भेटल्या. मी कशासाठी आलोय ते सांगितलं.

"त्या बाईला समदं सांगितलं की फोनवर. लिहून घेतलं न्हाई का तिनं?"

"घेतलं होतं मावशी. मी पुसलं."

त्यांनी बादलीचा दोर सोडला. बादली खाली जाऊन दगडावर आपटली.

"फोन आला तवा गुडघाभर व्हतं," त्या म्हणाल्या. "आता हे लिही. आन् पुसू नको बाबा."