टोपलीतल्या दोन चक्रांग

ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि मी तिथल्या बूढापारा भागात पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी एक इसम खबर घेऊन आला. म्हणे, त्याचा शेजारी, रेल्वेतला कर्मचारी, घरात रानबदकं लपवून ठेवतो. खबर देताना गडी जरा जास्तच खुशीत होता. ते मी ध्यानात ठेवलं.

झडतीत परसात झाकलेली टोपली सापडली. आत दोन लहानशा, तपकिरी बदक-माद्या. पंचनामा करून रेल्वेवाल्याला ठाण्यात आणलं. मूळचा विदर्भातला माणूस. हात जोडून म्हणाला, "साहेब, हे तं गावठी बदकं हायेत. शेजाऱ्यानंच माझ्या पोट्टीले पाळाले देल्ले. आमचं भिंतीवरून भांडण होतं, ते मिटलं म्हणून."

"भांडलेला शेजारी भेट देते? कोणाले सांगून राहिले तुम्ही?" मी दरडावलं. अटक दाखवली असती तर त्याची नोकरी धोक्यात आली असती. शेजारी तर सरळ नाकबूल. माझा दोघांवरही काडीचा विश्वास नव्हता.

वनखात्याचा माणूस बोलावला. मागच्या खोलीत त्याने एका मादीचा पंख उलगडला. चकचकीत हिरवा पट्टा, वर-खाली पांढरी किनार. "चक्रांग आहे. थंडीत उत्तरेकडून येते. गावठी नव्हे." मग त्याने पंखाचं टोक दाखवलं. उडायची पिसं कात्रीने कापलेली! पंख मिटला की काहीच दिसत नसे. मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

दोघांना समोर बसवून चहा दिला. ही रानबदकं आहेत एवढंच सांगितलं आणि एकदम टोपलीचं झाकण काढलं. हवालदार खिडकी लावायला धावला. रेल्वेवाला टोपलीवर आडवाच झाला. "उडून जातीन ना साहेब, पोट्टी रडंन!" शेजारी निवांत चहा पीत होता.

"क्यों भैया, तुम नहीं उठे?"

"पंख कटे हैं साहब, उड़ेंगी कैसे?" बोलला आणि त्याचा चेहरा उतरला. मग सगळं बाहेर आलं. जाळं त्याचं, कात्री त्याची आणि भिंतीचा रागही त्याचाच.

गुन्हेगार जीभ सांभाळतो, पण आपल्याला कशाची भीती वाटत नाही हे लपवायचं त्याला सुचत नाही. पुढे चौकशीला बसलो की मी कोण निवांत आहे तेच आधी पाहायचो.

पिसं फुटेपर्यंत बदकं वनखात्याने ठेवून घेतली. सुटल्यावर रेल्वेवाला दारात थबकला. "साहेब, भांडण मिटलं म्हणून मी तं त्याच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो." काही दिवसांनी त्या गल्लीतून गेलो, तर वादातली भिंत रेल्वेवाला स्वतःच्या हाताने आणखी उंच करत होता.