ईश्वरअप्पांनी काढून टाकलेला व्हॉल

ताडकळसच्या बाजारतळाजवळ ईश्वरअप्पांचं पत्र्याचं गॅरेज आहे. आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांतल्या जीपगाड्यांचं ते माहेरच म्हणा. चाळीस वर्षांत अप्पांनी किती इंजिनं खोलली हे त्यांनाही सांगता यायचं नाही. पण एक काम ते समोर येईल त्या गाडीवर, कुणी न सांगता, करत आले. मार्च लागला की थर्मोस्टॅटचा व्हॉल काढून डब्यात टाकायचा. लिंबाएवढी ही झडप इंजिनातलं पाणी नीट तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आता परभणीच्या उन्हात पाणी अडवून धरायचं म्हणजे शुद्ध येडेपणा, असं अप्पांचं मत. थंड मुलखातली ती चैन आहे, आपल्याला काय करायची, असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे, आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. स्वतःच्या जीपचा व्हॉल तर त्यांनी गाडी घेतली त्याच आठवड्यात काढला होता.

त्यांची बायको चन्नबसम्मा. अडतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे हट्ट असा एकच धरला, लिंगायतांच्या पाच पीठांच्या दर्शनाचा. रंभापुरी, उज्जयिनी, श्रीशैल, काशी अशी चार झाली. राहिलं केदारपीठ, तिकडे वर पहाडात, उखीमठला. यंदाच्या महाशिवरात्रीला तिथं असायचंच, असं तिने मनाशी धरलं. मधल्या काळात दम्याने मात्र तिला पुरतं धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, जा, पण गाडीत गारठा लागता कामा नये. अप्पांनी लगेच छाती पुढं काढली. आपल्या घरच्या जीपला हीटर आहे, बटण दाबलं की झालं.

बटण दाबलं. गेल्या बारा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. त्या सकाळी परभणीत पारा सहावर उतरलेला, आणि हीटरमधून जी हवा आली ती बाहेरच्यापेक्षाही गार. मुलगा शिवप्रकाश परभणीला मास्तर. तोलूनमापून बोलणारा. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "हीटर चालला तर जाऊ अप्पा. न्हाई तर आईला मी नेऊ देणार न्हाई."

अप्पा कामाला लागले. हीटरची जाळी धुतली, नळ्या बदलल्या, गरम पाण्याची गंजलेली तोटी मोकळी केली, पाण्यातली हवा काढली. गाडी गॅरेजात उभी असली की हवा कोमट यायची, अन् पूर्णेच्या रस्त्याला लागली की पुन्हा गारठाण. तीन दिवस हाच खेळ. शेवटी शिवप्रकाशने जीप शहरातल्या एका मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल, सामान पुण्याहून येईल, पंधरा दिवस धरा. शिवरात्र नऊ दिवसांवर आली होती. संध्याकाळी चन्नबसम्माने भरलेल्या बॅगेतली लुगडी एकेक करून परत कपाटात ठेवली. अप्पा ते बघत होते. गावाची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला बायकोपुरती ऊब करता येऊ नये, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला बसले तेच चिडून. बंबातून तांब्याभर पाणी घ्यायचं, लगेच बंबातच वरून बादलीभर गार ओतायचं, पुन्हा तांब्या लावायचा, आणि बंबाच्या नावाने ओरडायचं. चन्नबसम्मा दारात येऊन उभी राहिली.

"पाण्याला तापू तर द्याल का न्हाई? जरा ऊन झालं की काढायलाव, वरून गार ओतायलाव. बंबानं काय करावं?"

अप्पांचा तांब्या हातातच राहिला. जीपमधला, पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा डोळ्यांपुढे आला. बारा वर्षं तो खालच्या रेघेवरून हलला नव्हता, आणि याचं त्यांना कौतुक वाटायचं. पण अडवायला व्हॉलच नाही, तर पाणी तापणार कधी आणि हीटरला ऊब मिळणार कुठून? अंगाला साबण तसाच, वर टॉवेल गुंडाळून गडी निघाला गॅरेजकडे. लिंगपूजा चुकवून अप्पा घराबाहेर पडल्याचं गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

डब्यात व्हॉलांचा खच पडला होता. आपल्या जीपला बसणारे दोन त्यांनी निवडले आणि शेजारच्या हॉटेलवाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडले. एक गंजून मुका झाला होता. दुसऱ्याने पाणी कढत होताच हळूच तोंड उघडलं. बाजारचा दिवस, त्यामुळे बघ्यांना तोटा नव्हता. पंक्चरवाला बन्सीधर पुढं झाला. वर्षानुवर्षं अप्पांचं ऐकून त्याने कितीतरी गाड्या व्हॉल काढायला पाठवल्या होत्या. आता हा परत कशाला बसवायलाव, असं त्याने विचारलं. अप्पांना थाप मारता आली असती. त्यांनी मारली नाही.

"चाळीस वर्षं चुकलो, बन्सीधर. गाडी तापती ती घाण रेडिएटरनं. या बिचाऱ्याचा काही गुन्हा न्हाई. ज्यांचे ज्यांचे काढलेत त्यांना सांग, फुकट बसवून देतो."

मग तो व्हॉल जीपला बसवला आणि शिवप्रकाशला शेजारी घेऊन त्यांनी जीप पूर्णेच्या रस्त्याला दामटली. काटा हलला. हलला तो निम्म्यावर जाऊन थांबला. शिवप्रकाशने हीटरच्या जाळीवर हात धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. घराच्या दारात उतरताच त्याने आईला हाक मारून बॅग भरायला सांगितलं. अप्पा नुसतेच हसत उभे होते. कानामागचा साबण तोवर वाळला होता.

रुद्रप्रयाग सोडून जीप पहाड चढू लागली तेव्हा समोरची शिखरं पांढरीशुभ्र होती, आणि रस्त्याने जाणारी माणसं नाकापर्यंत गुंडाळलेली. मागच्या सीटवर चन्नबसम्माने शाल काढली, मग कानटोपी, मग स्वेटर. श्वास कसा संथ चालला होता. शेवटी पदराने वारा घेत ती म्हणाली, "अवो, बंद करा की ते. लय उकडायलंय."

अप्पांनी हीटर काही बंद केला नाही. आपल्या बाजूची काच तेवढी चार बोटं खाली घेतली आणि ऐटीत टेकून बसले.