बबनकाकांची दोन बोटं

आमचे बबनकाका साध्या पानटपरीवर निघाले तरी आधी दारातल्या पाटीवर खडूने लिहायचे: 'पानटपरी. साडेपाचला वापस.' मगच चप्पल घालायचे. अख्खी गल्ली चिडवायची, "काऊन बे बबन, मलकापुरात काय बर्फ पडून राह्यला?" काका म्हणायचे, "बर्फ नाही मारत गड्या. न सांगता जाणं मारते."

आता ऐका, हा माणूस खरंच अंटार्क्टिकाला जाऊन आला होता! तेही दोनदा! भारताच्या अगदी सुरुवातीच्या मोहिमांमध्ये, फौजेतला डिझेल मेकॅनिक म्हणून. "जहाजात चार दिवस ओकलो. पाचव्या दिवशी इंजिनाजवळ गेलो, डिझेलचा वास आला, तवा जीवात जीव आला," असं सांगायचे. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. कोणी विचारलं की, "मशीनीत गेली." बस, विषय खलास.

काका या उन्हाळ्यात गेले, म्हणून हे घाईघाईने लिहून टाकतोय.

मागच्या वर्षी मी हट्टाने त्यांना आमच्या कॉलेजात बोलायला नेलं. काकूंनाही नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. एका पोरीने विचारलं, "काका, भीती कवा वाटली?" काका काकूंकडे बघत राहिले. मग एकदम बोलायलाच लागले.

"तिथं जनरेटरची खोली आमच्या राहायच्या खोलीपासून साठ पावलांवर. बाहेर पडायचं तं बोर्डावर लिहायचं, असा नियम. म्या म्हटलं, गावात गोठ्यात जातो तं कोणाले लिहून देतो का? तसाच गेलो. वादळ आलं. सोताचा हात दिसेना. बोर्डावर तं मी आतच होतो, मंग धुंडणार कोण? तेलाच्या ड्रमावर पाना आपटत बसलो. कोणीतरी आयकलं, म्हणून वाचलो. पण हातमोजा उडाला होता. बोटं बर्फानं गेली." मग काकूंना म्हणाले, "तुले खोटंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तं तू दुसऱ्यांदा जाऊ देल्लं नसतं."

अरे बापरे, काकूंना आणलं होतं मीच!

काकू जागेवरूनच म्हणाल्या, "माहा बाप कापसाच्या जिनिंगात मशीनीवर होता. मशीनीत गेलेली बोटं म्या लहानपणापासून पाह्यली. ते असे नसतात."

"म्हणजे तुले मालूम होतं?"

"तुम्ही घरात पाय ठेवला तवापासून."

"मंग जाऊ काऊन देल्लं?"

"दुसऱ्यांदा बोलावणं आलं तवा तुमचं तोंड पाह्यलं ना म्या. लग्नातबी एवढे हासले नव्हते."